वर्षभरातले आवडते सिनेमे नंबरात कसे लावायचे आणि दिवाळीत घरच्यांसोबत कुठले बघायचे

डिसेंबर लागला की फॅमिली ग्रुपवर कुणीतरी विचारतंच, या वर्षीचे तुमचे टॉप टेन सांगा, आणि मग आपण घाईघाईत गेल्या दोन महिन्यांत जे बघितलं तेच टाइप करून मोकळे होतो. मला हे फार टोचायचं. मी मराठी सिनेमा थेटरात जाऊन, तिकीट काढून, मनापासून बघते, आणि जानेवारीत ज्या सिनेमावर घरी येऊन रात्री दीड वाजेपर्यंत बोलत बसलो तो डिसेंबरच्या यादीत मला आठवतच नाही म्हणजे त्या सिनेमावर अन्यायच झाला की. म्हणून चारपाच वर्षांत करत करत एक पद्धत बसवलीय, ती इथे नीट पायरीपायरीनं सांगते. उदाहरणाला २०२३ चं वर्ष घेतलंय, कारण त्या वर्षी मराठीत खरंच वेगवेगळ्या जातीचे सिनेमे आले होते आणि माझी त्या वर्षीची वही अजून जपून ठेवलेली आहे.

याद्या दोन करायच्या, एक नाही

हे आधी ठरवा, नाहीतर पुढचं सगळं बिघडतं. वर्षाची यादी ही तुमच्या एकट्याची असते. सुट्टीत घरच्यांसोबत काय बघायचं ती यादी सगळ्यांची असते. बहुतेक लोक पहिली यादी बनवतात आणि तीच दिवाळीला टीव्हीवर लावतात, आणि मग पाऊण तासात आजी झोपलेली, पोरं मोबाईलवर, आणि आपण मनातल्या मनात चिडलेलो. सिनेमा चांगलाच असतो, तो त्या खोलीसाठी नसतो इतकंच.

म्हणून दोन्ही याद्यांचा प्रश्न वेगळा ठेवायचा. वर्षाच्या यादीसाठी मी स्वतःला विचारते, "यातला कुठला बघायचा राहून गेला असता तर माझं वर्ष जास्त रिकामं गेलं असतं?" आणि सुट्टीच्या यादीसाठी विचारते, "आज हे सगळे बसलेत, यांच्यासोबत कुठला लावू?" हे दोन प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, कारण मध्येच आपण नकळत एकावरून दुसऱ्यावर उडी मारतो. कशी ते पुढे येईलच.

वर्ष कुठून कुठपर्यंत मोजायचं

वाटतं तेवढं सोपं नाही हे. 'वेड' ३० डिसेंबर २०२२ ला आला, आम्ही सगळ्यांनी तो २०२३ च्या जानेवारीत बघितला, मग तो कुठल्या वर्षाचा? 'वाळवी' थेटरात आला १३ जानेवारी २०२३ ला, पण राष्ट्रीय पुरस्कारात सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला तो २०२२ च्या सिनेमांमध्ये, कारण तिथे सेन्सॉर सर्टिफिकेटचं वर्ष धरतात. आदिनाथ कोठारेच्या 'पाणी'चं तर विचारूच नका, त्याला पर्यावरणाचा राष्ट्रीय पुरस्कार २०१८ च्या सिनेमांत मिळाला आणि आपल्याला थेटरात बघायला मिळाला १८ ऑक्टोबर २०२४ ला. एवढी वर्षं थांबलेला सिनेमा तुम्ही कुठल्या यादीत घालणार?

यातला एक नियम धरायचा आणि तोच वर्षानुवर्षं पाळायचा. माझा नियम असा, की मी राहते तिथे सिनेमा पहिल्यांदा तिकीट काढून किंवा ओटीटीवर बघायला मिळाला ती तारीख. फेस्टिव्हलचं वर्ष नाही, पुरस्काराचं नाही. परदेशात राहणाऱ्यांनी तर हा नियम धराच, कारण तिकडे मराठी सिनेमा कधी त्याच आठवड्यात लागतो, कधी महिनाभरानं महाराष्ट्र मंडळाच्या एखाद्या खेळाला बघायला मिळतो आणि कधी थेट ओटीटीवरच. आणि डिसेंबरच्या शेवटच्या पंधरा दिवसांत आलेला सिनेमा पुढच्या वर्षात ढकलायची सूट मी स्वतःला दिलीय. 'वेड' माझ्याकडे २०२३ च्या वहीतच आहे.

काही जण दिवाळी ते दिवाळी वर्ष धरतात, आमच्या मामाकडे तसंच आहे, पाडव्याला जशी नवी वही तशी सिनेमाची नवी यादी. छान आहे तेही. फक्त एकदा ठरलं की मग अधेमधे बदलायचं नाही.

आठवणीवर सोडू नका, गोळा करा

डिसेंबरमध्ये बसून आठवायला गेलात तर नोव्हेंबरचे सिनेमे ढीगभर आठवतील आणि फेब्रुवारीचे गायब. 'वाळवी' जानेवारीतला आणि 'झिम्मा २' २४ नोव्हेंबरचा, मधे दहा महिने, साहजिकच ताजा तो मोठा वाटतो. म्हणून नंबर लावायच्या आधी एक अख्खी संध्याकाळ फक्त गोळा करण्यात घालवा.

कुठून गोळा करायचं ते सांगते. फोनच्या मेसेजमध्ये आणि मेलमध्ये 'तिकीट' किंवा बुकिंग ॲपचं नाव टाकून शोधा, वर्षभराची सगळी तिकिटं तारखेसकट सापडतात. नेटफ्लिक्स आणि प्राइमला अकाउंटमध्ये जाऊन बघितलेल्याची हिस्ट्री मिळते, यूट्यूबलाही मिळते. मग फोनची फोटो गॅलरी, कारण थेटराबाहेर पोस्टरसमोर फोटो काढायची आपल्याला सवय असतेच. आणि शेवटी व्हॉट्सॲपवर बहिणीशी किंवा मैत्रिणीशी झालेलं बोलणं, हे सगळ्यात मोलाचं, कारण सिनेमा बघून आल्या आल्या तुम्ही जे लिहिलेलं असतं ते खरं असतं, सहा महिन्यांनी सुचलेलं नसतं. मी तर ते मेसेज तसेच्या तसे वहीत उतरवते.

पुढच्या वर्षीपासून हा त्रासच नको असेल तर सिनेमा बघून आलात की त्याच रात्री चार गोष्टी लिहायच्या, तारीख, कुठे बघितला, कुणासोबत, आणि मनात राहिलेला एक प्रसंग. लेटरबॉक्स्ड या सिनेमाच्या ॲपवर डायरी ठेवता येते, गुगल शीट चालते, मला वही आवडते. "कुणासोबत" हे लिहायला विसरू नका. 'बाईपण भारी देवा' मी आई, मावशी आणि तिच्या भिशीच्या बायकांसोबत बघितला, मंगळागौरीच्या खेळाला अख्खं थेटर टाळ्या वाजवत होतं, आणि तोच सिनेमा मी घरी एकटीनं लॅपटॉपवर बघितला असता तर मला इतका भिडला असता का, हे मला स्वतःला तपासायला लागतं. उत्तर काहीही येवो, पण ते लिहिलेलं असलं की नंबर लावताना आपण कशाला मत देतोय ते कळतं.

मार्क देऊ नका, जोड्या लावा

आता मुख्य काम. पाचपैकी साडेतीन, पाचपैकी चार असले स्टार देऊन यादी होत नाही. मी दोन वर्षं करून बघितलं, अर्ध्याहून जास्त सिनेमांना साडेतीन मिळाले आणि मग त्या साडेतीनवाल्यांत वर कोण खाली कोण हा प्रश्न तसाच राहिला. शिवाय जानेवारीत दिलेले साडेतीन आणि नोव्हेंबरमध्ये दिलेले साडेतीन एकाच मापाचे नसतात.

त्यापेक्षा दोनदोन सिनेमे समोरासमोर ठेवायचे. दोनातला एक निवडणं कुणालाही जमतं, सात वर्षांच्या पोरालाही जमतं. आधी सगळ्यातून १२ सिनेमे काढा, म्हणजे जे नसतेच बघितले तरी चाललं असतं ते बाजूला ठेवा. प्रत्येकाची एक चिठ्ठी करा, जुन्या लग्नपत्रिकेच्या मागच्या बाजू कापल्या तर मस्त जाड चिठ्ठ्या होतात. आता १२ सिनेमांची प्रत्येकाची प्रत्येकाशी जोडी लावायची म्हटलं तर ६६ जोड्या होतात, तेवढा दम कुणाला नसतो, म्हणून अशी युक्ती करायची.

पहिल्या दोन चिठ्ठ्या घ्या, वरखाली ठेवा. तिसरी घेतली की आधी वरच्याशी ताडा, मग गरज पडली तर खालच्याशी. असं करत रांग वाढत जाईल तसं नवी चिठ्ठी थेट रांगेच्या मधल्या सिनेमाशी ताडायची. त्याच्यापेक्षा आवडता असेल तर वरचा अर्धा भाग, नसेल तर खालचा अर्धा, मग त्या अर्ध्याच्या मधल्याशी, असं. डिक्शनरीत शब्द शोधताना आपण मधलं पान उघडतो ना, तस्संच. अशानं बाराच्या बारा लागायला जास्तीत जास्त ३३ प्रश्न पुरतात, आणि ३१ डिसेंबरला तेरावा सिनेमा बघितलात तरी त्याची जागा चार प्रश्नांत सापडते, अख्खी यादी मोडावी लागत नाही.

चिठ्ठी समोर धरल्यावर फार विचार करू नका. पाचसहा सेकंदात हात जिकडे जाईल तिकडे ठेवा. विचार करायला लागलात की "लोक काय म्हणतील" सुरू होतं, अमक्याला पुरस्कार मिळाला म्हणून वर, तमका फार चालला म्हणून खाली. 'आत्मपॅम्फ्लेट' बर्लिनच्या फेस्टिव्हलला जाऊन आला होता हे मला माहीत होतं, पण माझ्या यादीत तो वर आहे ते त्यातल्या पोराच्या एकतर्फी प्रेमामागे आपल्या राज्याचं, आपल्या वर्गातल्या बाकांचं आणि जातीचं जे काही चाललेलं दिसतं त्यामुळे, बर्लिनमुळे नाही. तुमच्या चिठ्ठीवर पुरस्कार लिहूच नका.

गोल गोल फिरलात तर

हे होणार, माझं दरवर्षी होतं. मला 'बाईपण'पेक्षा 'वाळवी' वर वाटला, कारण त्याची बांधणी इतकी घट्ट आहे की एक प्रसंग इकडचा तिकडे करता येत नाही. 'नाळ भाग २'पेक्षा 'बाईपण' वर वाटला, कारण थेटरातला तो अनुभव. आणि मग 'वाळवी'पेक्षा 'नाळ भाग २' वर वाटला, कारण त्यातली पोरं कितीतरी दिवस मनातून जाईनात. झालं चक्र. कोंडोर्से नावाच्या फ्रेंच विचारवंतानं १७८५ मध्येच दाखवलंय की खूप माणसांची मतं एकत्र केली की असं चक्र होऊ शकतं, आणि मला वाटतं एकाच माणसाच्या आतही वेगवेगळी माणसं मत देत असतात, एक लिखाण बघणारं, एक मावशीसोबत टाळ्या वाजवणारं, एक लहानपण आठवणारं.

यावर उपाय म्हणजे पहिल्या पानावरचा प्रश्न पुन्हा मोठ्यानं वाचायचा. तीन जोड्यांना मी तीन वेगळे प्रश्न विचारले होते, म्हणून चक्र झालं. तोच एक प्रश्न तिन्ही जोड्यांना विचारला की नव्वद टक्के वेळा गाठ सुटते. नाहीच सुटली तर त्यातले दोन पुन्हा बघा, लागोपाठच्या दोन रात्रींत बघा. 'वाळवी'सारख्या सिनेमाची खरी परीक्षा दुसऱ्यांदा बघतानाच होते, शेवट माहीत असूनही बघवतो का? मला बघवला, उलट आधी सुटलेल्या बारीकसारीक जागा दिसल्या.

रांग लागली की प्रत्येकापुढे एक ओळ कारण लिहा. "अप्रतिम", "हृदयस्पर्शी" हे शब्द बंद. प्रसंग लिहा, चेहरा लिहा, आवाज लिहा. जिथे एक ओळसुद्धा सुचत नाही तो सिनेमा बहुतेक चुकून वर चढलेला असतो, त्याला खाली घ्या.

घरच्यांची यादी: हात वर करून मत घेऊ नका

आता दुसरी यादी, आणि इथेच सगळ्यात जास्त वाद होतात. दिवाळीला आमच्याकडे पाच मोठी माणसं ठरवणारी असतात. हात वर करून मत घेतलं तर काय होतं ते खऱ्या आकड्यांनी सांगते. चार सिनेमे होते, पाचही जणांनी चारही बघितलेले, आणि प्रश्न असा की भाऊबीजेला पुन्हा कुठला लावायचा. आई आणि मावशी म्हणाल्या 'बाईपण', नवरा आणि भाऊ म्हणाले 'वाळवी', वहिनी म्हणाली 'नाळ भाग २'. दोन, दोन, एक. भांडण.

मग मी सगळ्यांना चिठ्ठीवर चारही नंबरात लावायला सांगितले, पहिल्याला ४ गुण, दुसऱ्याला ३, मग २, मग १. आईनं 'बाईपण'नंतर 'झिम्मा २', 'नाळ' आणि शेवटी 'वाळवी' लिहिला. मावशीनं 'बाईपण', 'नाळ', 'झिम्मा', 'वाळवी'. नवऱ्यानं 'वाळवी', 'नाळ', 'बाईपण', 'झिम्मा'. भावानं 'वाळवी', 'नाळ', 'झिम्मा', 'बाईपण'. वहिनीनं 'नाळ', 'झिम्मा', 'बाईपण', 'वाळवी'. बेरीज करा, 'नाळ' १५, 'बाईपण' १३, 'वाळवी' आणि 'झिम्मा' ११-११. ज्याला पहिलं मत एकच होतं तो निवडून आला, कारण तो कुणालाच नकोसा नव्हता. घरच्या बैठकीला हेच तर हवं असतं. ही मोजणी बोर्दा नावाच्या फ्रेंच माणसानं अठराव्या शतकात मांडली म्हणून तिला बोर्दा पद्धत म्हणतात, ऑस्करलाही सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी मतदार नंबर लावूनच मत देतात, फक्त त्यांची मोजायची रीत निराळी आहे.

दोन गोष्टी सांभाळा. चिठ्ठ्या एकमेकांना न दाखवता एकदम लिहून घ्या, नाहीतर दुसऱ्याचा सिनेमा पाडायला मुद्दाम शेवटी टाकतात. आणि कुणी एखादा बघितलाच नसेल तर त्याच्याकडून जबरदस्तीनं नंबर घेऊ नका, जेवढ्यांनी बघितलाय त्यांच्या गुणांची सरासरी धरा, पण निदान निम्म्या लोकांनी बघितलेला असला पाहिजे.

याशिवाय प्रत्येकाला एक "नको" द्या. कारण विचारायचं नाही. हा नियम आमच्याकडे एका प्रसंगानंतर आला. 'श्यामची आई' हा काळापांढरा सिनेमा १० नोव्हेंबर २०२३ ला, धनत्रयोदशीच्या शुक्रवारी आला, त्याच दिवशी 'नाळ भाग २'ही आला. आजीला 'श्यामची आई' बघायचाच होता, कारण तिनं अत्र्यांचा १९५३ चा थेटरात बघितलेला. पण मावसभावाची आई, म्हणजे माझी दुसरी मावशी, त्याच वर्षी गेली होती. तो काही बोलला नाही, सगळ्यांसोबत आला, आणि मध्येच उठून बाहेर जाऊन उभा राहिला. तो बाहेर का गेला हे मला घरी आल्यावर लक्षात आलं. आधी विचारलं असतं तर आजीसोबत मी एकटी गेले असते. तेव्हापासून यादीवर बसायच्या आधी मी प्रत्येकाला बाजूला घेऊन विचारते, यंदा काही बघवणार नाही असं आहे का.

कुठल्या दिवशी कुठला

फराळ करताना, म्हणजे करंज्या भरणं, शंकरपाळे कापणं चालू असताना, आधी बघितलेला आणि कानावर पडला तरी कळणारा सिनेमा लावा, गाण्यांचा असेल तर उत्तमच. त्या वेळी नवा, कोड्याचा सिनेमा लावला तर हात थांबतात नाहीतर सिनेमा निसटतो. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी काहीच लावू नका. पाडव्याला दुपारचं जेवण जड असतं, तिथे दोन तासांच्या आतला, हसवणारा. भाऊबीजेच्या रात्री सगळी भावंडं जमलेली असतात, तो दिवस यादीतल्या एक नंबरसाठी राखून ठेवा, आणि साडेआठला सुरू करा, साडेनऊला नाही, कारण आजीआजोबांना शेवट बघायला मिळाला पाहिजे.

आदल्या दिवशी दहा मिनिटं तयारीला द्या. सिनेमा त्या ॲपवर अजून आहे का बघा, ते काढूनही टाकतात. भाड्यानं घ्यायचा असेल तर पैसे आधी भरा आणि किती तासांत संपवायचा ते वाचा. वयाची खूण बघा, ओटीटीवर आणि आता सेन्सॉरच्या सर्टिफिकेटवरही ७+, १३+, १६+ अशी लिहिलेली असते. सबटायटल वाचणं आजीला जमत नाही, त्यामुळे परभाषेतला सिनेमा असेल तर डबिंग आहे का बघा. आणि टीव्हीचा आवाज सोफ्यावरून नाही, आजी जिथे बसते तिथे बसून तपासा. पंख्याचा आवाज धरून.

वर्षानं परत बघा

यादीवर तारीख टाका आणि ती कुठेतरी ठेवून द्या. पुढच्या वर्षी नवी यादी करायच्या आधी जुनी काढून फक्त पहिले पाच पुन्हा चिठ्ठ्या करून लावा, जुना क्रम न बघता. माझे २०२३ चे पाच ३१ डिसेंबरला असे होते, 'आत्मपॅम्फ्लेट', 'वाळवी', 'बाईपण भारी देवा', 'नाळ भाग २', 'श्यामची आई'. २०२४ च्या वसुबारसेला परत लावले तेव्हा 'नाळ' दुसऱ्यावर आला आणि 'वाळवी' तिसऱ्यावर गेला. 'बाईपण' चौथ्यावर. 'श्यामची आई' पाचव्यावरच राहिला, पण त्याच्यापुढची ओळ मी खोडून नवी लिहिली, आधी तिथे काळ्यापांढऱ्या रंगाबद्दल लिहिलं होतं, आता तिथे लिहिलंय, "आजी पूर्ण वेळ माझा हात धरून बसली होती."